मदत हवी आहे: वस्तऱ्याच्या शिंगाच्या मुठीवर काळा रंग टिकत नाही

ठोकाठोकी: चोरबाजारातून इंग्लंडमधल्या शेफिल्डचा जुना वस्तरा घेतलाय, वेड अँड बुचर कंपनीचा. पातं चकाचक झालं. मूठ शिंगाची, ठिकठिकाणी पांढुरकी-तपकिरी पडलीये. काळा रंग लावला, वाळवला, तरी बोटाला लागतो. शनिवारी मामांना द्यायचाय. पक्का रंग कसा चढवायचा? लवकर सांगा.

गंधक: रंग कोणता? मूठ शिंगाचीच कशावरून? मुठीचे खिळे काढलेत का?

ठोकाठोकी: बुटांच्या चामड्याचा, स्पिरिटमधला. शिंगच आहे, दिसतंय ना. खिळे कशाला काढू?

गंधक: दिसण्यावर जाऊ नका. जुन्या मुठी सेल्युलॉइडच्या (जुनं प्लास्टिक) आणि व्हल्कनाइटच्याही (कडक रबर) असत. अंगठ्याने जोरात घासून वास घ्या. कापराचा आला तर सेल्युलॉइड, गंधकाचा आला तर व्हल्कनाइट. या दोन्हींवर शिंगाचे कुठलेच उपाय चालणार नाहीत.

बाबूराव_निसणेवाले: एवढं कशाला? सुई तापवून आतल्या बाजूला टेकवायची. केस जळल्याचा वास आला की शिंग.

गंधक: आणि सेल्युलॉइड निघालं तर भप्पकन पेटेल. कृपा करून असले सल्ले देऊ नका.

बाबूराव_निसणेवाले: आमच्याकडे काही पेटलं नाही अजून.

कोकणस्थित: हिरड्याचा काढा करा, मूठ रात्रभर ठेवा, मग हिराकशीच्या पाण्यात बुडवा. काळीकुट्ट होते. कोयतीच्या मुठीला मी हेच करतो.

रंगारी_काकू: कोयतीची मूठ लाकडाची असेल हो. शिंग म्हणजे केराटिन, केस आणि नखं असतात तेच. त्याला लोकरीचा ॲसिड डाय धरतो. पाण्यात थोडं व्हिनेगर घालायचं, पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवायचं आणि तासभर वाट बघायची. उकळू नका, शिंग मऊ पडून वाकतं. पूर्वी कंगवे करताना मुद्दाम तसंच मऊ करून सपाट दाबत. आणि खिळे काढावेच लागतील, नाहीतर गरम आंबट पाण्यात पातंही जाईल, गंज चढेल.

सलूनवाला_नाही: केराटिन म्हणता, मग केसांचा काळा डाय का नको? थंडच लावायचा, वाकायची भीती नाही. मी चाकूच्या मुठीला लावलाय.

रंगारी_काकू: वरवरचा बसतो. पॉलिश करताना कड घासली की खालचं पांढरं दिसतं.

सलूनवाला_नाही: मग आधी पॉलिश करा, नंतर डाय!

डिस्पोजेबल: पण मामांना वस्तरा कशाला देताय? आता न्हावीसुद्धा ब्लेड बदलायचाच वस्तरा वापरतात, कावीळ-एड्सच्या भीतीने.

ठोकाठोकी: मामा दाढी करणार नाहीत, काचेच्या कपाटात ठेवणार आहेत. रंगाचं बोला. घासून पाहिलं, कापूर नाही, गंधक नाही.

रंगारी_काकू: आधी तेल लावलं होतं का?

ठोकाठोकी: लावणारच ना, शिंग सुकलं होतं. खोबरेल.

रंगारी_काकू: मग कुठलाही रंग कसा धरेल? भांड्यांच्या साबणाने धुवा, मग ॲसिटोनने पुसा. सेल्युलॉइड असेल तर ॲसिटोनने विरघळतं, म्हणून आधी आतल्या बाजूला कापसाच्या बोळ्याने थेंबभर लावून बघा. तेल द्यायचं ते रंग झाल्यावर.

यॉर्कशायरचा_जोशी: खिळे काढल्यावर मूठ उजेडासमोर धरा. मधासारखी पारदर्शक दिसली आणि डाग ढगाळ असतील, तर ती मूळची काळी नव्हेच. कासवाच्या पाठीची नक्कल करायला फिक्या शिंगावर चुना आणि शिशाच्या ऑक्साइडचा लेप देत. शिंगातल्या गंधकाशी शिसं मिळून तपकिरी डाग पडत. असं असेल तर काळा रंग देऊ नका, वाटोळं होईल. तो लेप घरी करायलाही जाऊ नका, शिसं विषारी आहे. शेफिल्डला आलात तर केलम आयलंडचं संग्रहालय दाखवतो, आमच्या घरापासून...

ठोकाठोकी: टॉर्चवर धरलं. कडेला मधासारखंच दिसतंय. पण मामांना काळाच हवाय!

गंधक: मामांना विचारलंत का?

ठोकाठोकी: विचारतो. तोवर खिळे काढतो. परत बसवायला १/१६ इंची पितळी तार पुण्यात कुठे?

बाबूराव_निसणेवाले: बोहरी आळीत विचारा. १.६ मिलिमीटर म्हणा, इंच सांगितलं तर जाड तार देतील. आणि मुठीच्या दोन पट्ट्यांमधली टोकाची पाचर शिशाची असू शकते, घासू नका.

कोकणस्थित: कोयतीची मूठ शिंगाचीच आहे. म्हशीच्या.