कन्सोल बनवायचं लायसन्स इतर कंपन्यांना दिलं तर किंमत उतरेल का? आणि 'ऑफिशियली लायसन्स्ड' कंट्रोलरचं काय?

डीपॅड_डावा

फोनमध्ये सॉफ्टवेअर एकाचं असतं, हँडसेट दहा जण बनवतात आणि त्यांच्या चढाओढीत भाव खाली येतो. कन्सोलमध्ये हे का होत नाही? पूर्वी निदान पिढी जुनी झाली की मशीन स्वस्त व्हायचं. आता तेही नाही. सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) नोव्हेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरला आला, ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत तोच ५४९ झाला. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स ४९९ वरून ६४९ वर गेला.

दोन प्रश्न आहेत. एक, मशीन बनवायचं लायसन्स तीन-चार कंपन्यांना वाटलं तर ग्राहकाला फायदा होईल का? दोन, खोक्यावर 'ऑफिशियली लायसन्स्ड' असा शिक्का असलेला कंट्रोलर आणि बिनशिक्क्याचा, यात फरक फक्त रॉयल्टीचा आहे की आत खरंच काही वेगळं असतं?

काडतूस_फुंक्या

पहिल्या प्रश्नाचा प्रयोग होऊन गेलाय आणि सपशेल आपटलाय. ३डीओ. ट्रिप हॉकिन्सच्या या कंपनीने स्वतः मशीन बनवलंच नाही. डिझाइन करायचं, लायसन्स द्यायचं आणि बाजूला व्हायचं, असा बेत. पॅनासॉनिकचं मशीन ऑक्टोबर १९९३ मध्ये आलं, मागून सॅन्यो आणि गोल्डस्टारची आली. पॅनासॉनिकच्या मशीनची किंमत होती सुमारे ७०० डॉलर. त्याच्या दोन वर्षं आधी सुपर निन्टेन्डो १९९ ला आला होता.

एवढी तफावत का, तर निन्टेन्डो, सेगा, सोनी हे मशीनवर थोडंच कमावतात, कधी तोटाही सोसतात आणि पुढे प्रत्येक गेममागे वसुली करतात. ३डीओने गेम बनवणाऱ्यांकडून डिस्कमागे फक्त ३ डॉलर घ्यायचं ठरवलं, बाकीच्यांपेक्षा खूपच कमी. गेमवाले खूश. पण ते ३ डॉलर जाणार ३डीओला. पॅनासॉनिकला गेमच्या विक्रीतून दमडीही नाही, मग तिने मशीन तोट्यात का विकावं? तिने आपला नफा मशीनवरच लावला. पुढच्या वर्षी मशीनवाल्यांना हातभार म्हणून डिस्कमागे आणखी ३ डॉलर लावायची वेळ आली, तेव्हा गेमवालेही बिनसले.

म्हणून फोनचं उदाहरण इथे लागू पडत नाही. जो किंमत पाडू शकतो त्याच्याच हातात गेमचा गल्ला असावा लागतो. लायसन्स दिलं की या दोन गोष्टींची फारकत होते.

जुने आकडे बघा. निन्टेन्डोचा जपानमधला कन्सोल फॅमिकॉम १४,८०० येनला, त्याला जोडायची डिस्क सिस्टिम १५,००० ला, दोन्ही मिळून २९,८००. शार्पने १९८६ मध्ये निन्टेन्डोच्या परवान्याने दोन्ही एकाच डब्यात घातलं, ट्विन फॅमिकॉम, आणि किंमत लावली ३२,०००. निन्टेन्डोचाच गेमक्यूब २००१ मध्ये २५,००० येनला. पॅनासॉनिकचा परवान्याचा 'क्यू' त्याच वर्षी डीव्हीडी प्लेअरसह ३९,८०० ला. लायसन्सवालं मशीन 'जास्त काहीतरी' देऊन महाग विकलं जातं. ताजं उदाहरण हवं असेल तर २०२५ मध्ये एक्सबॉक्सच्या नावाने आलेले असूसचे दोन हँडहेल्ड (हातात धरून खेळायची मशीन): ५९९ आणि ९९९ डॉलर.

चढाओढीने भाव खरोखर पडला तो एमएसएक्समध्ये, १९८३ चं ते सामायिक घरगुती-कॉम्प्युटरचं मानक. कॅसिओने १९८४ मध्ये पीव्ही-७ चक्क २९,८०० येनला काढला. कसा? रॅम ८ केबीवर आणून. बरेच गेम १६ केबी मागायचे, म्हणजे वरून रॅम घ्या. स्वस्ताईची कात्री कुठे चालते ते यात दिसतं.

रेझिस्टर_राजा

वरचं पटतं, पण एक मोठा अपवाद राहिला: ब्राझील. तिथे लायसन्सने किंमत उतरली ती चढाओढीमुळे नाही, सीमेवरच्या करामुळे.

टेकटॉय या तिथल्या कंपनीने सेगाकडून परवाना घेऊन १९८९ मध्ये सेगाचा कन्सोल मास्टर सिस्टिम आणला आणि मानाउस शहरातल्या करसवलतीच्या क्षेत्रात मशीन जोडायला सुरुवात केली. बाहेरून आलेल्या तयार खोक्यावर एकावर एक कर बसतात; सुटे भाग आणून तिथे जोडलं की त्यातला मोठा हिस्सा टळतो. टेकटॉय नुसती जोडणी करून थांबली नाही. वंडर बॉयच्या एका गेममधली पात्रं बदलून तिथली लाडकी कॉमिक-नायिका मोनिका घातली, संवाद पोर्तुगीजमध्ये केले. जगाने मास्टर सिस्टिम विसरल्यावरही ती तिथे कित्येक वर्षं विकली जात होती.

हाच हिशेब २०१३ मध्ये उघडा पडला. अमेरिकेत ३९९ डॉलरचा पीएस४ ब्राझीलमध्ये आयात होऊन ३,९९९ रियालला लागला. एक्सबॉक्स वन अमेरिकेत १०० डॉलरने महाग होता, तरी तिथे जोडला जात असल्याने २,३०० च्या आसपास. २०१५ मध्ये पीएस४ ची जोडणी तिथे सुरू झाली आणि किंमत २,५९९ वर आली. मशीन तेच, आतली चिप तीच.

तेव्हा एखाद्या देशात कन्सोल महाग का, हे शोधताना तीन गोष्टी वेगळ्या करा: कारखान्याची किंमत, सीमेवरचा कर आणि चलनाचा भाव. लायसन्सने फक्त मधली हलते.

चलनावर उपाय म्हणून आता भाषेचं कुलूप आलंय. निन्टेन्डोचा स्विच २ जपानमध्ये २०२५ मध्ये दोन प्रकारचा आला: फक्त जपानी भाषेचा ४९,९८० येनला, सर्व भाषांचा ६९,९८० ला. स्वस्तातल्यात भाषा बदलता येत नाही आणि अकाउंटही जपानचंच लागतं. पैसे वाचतात म्हणून तो बाहेर मागवणारे नंतर मेनू बघत बसतात.

डीपॅड_डावा

म्हणजे मशीनचा विषय मिटला. कंट्रोलरचं सांगा कोणीतरी. बिनशिक्क्याचा अर्ध्या किमतीत मिळतो, आणि काही जण म्हणतात तो आठ मिनिटांनी बंद पडतो. खरं की अफवा?

सोल्डर_सखाराम

आठ मिनिटांचं खरं आहे, पण ते पीएस४ चं. तिथे कन्सोल कंट्रोलरला एक यादृच्छिक आकडा पाठवतो. कंट्रोलरने आपल्या गुप्त किल्लीने त्यावर सही करून परत द्यायची. सही आली नाही तरी खेळ लगेच थांबत नाही, साधारण आठ मिनिटांनी कन्सोल त्या कंट्रोलरचं ऐकणं बंद करतो. केबल काढून पुन्हा लावली की आणखी आठ मिनिटं. म्हणून स्वस्त फाइट स्टिक (मारामारीच्या गेमसाठीचा दांडा-बटणांचा कंट्रोलर) 'दुकानात चालली, घरी बंद पडली' अशी तक्रार येते. दुकानात आठ मिनिटं कोण खेळतं?

शिक्का म्हणजे बहुतेक वेळा ही किल्ली. गुणवत्तेची हमी नव्हे, प्रवेशपत्र.

आता कन्सोलवार.

एक्सबॉक्स सगळ्यात कडक. सहीशिवाय कंट्रोलर ओळखलाच जात नाही, आणि वायरलेस संपर्क मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पद्धतीने चालतो, नुसत्या ब्लूटूथने भागत नाही. म्हणून बाहेरच्यांचे परवानाधारक कंट्रोलर बहुधा केबलचे, नाहीतर सोबत डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) असलेले. पूर्वी अडॅप्टर लावून यातून वाट काढता यायची. ऑक्टोबर २०२३ अखेरीस एक्सबॉक्सवर ०x८२डी६०००२ हा एरर दिसू लागला: ही अॅक्सेसरी अधिकृत नाही, दोन आठवड्यांनी बंद होईल. १२ नोव्हेंबरपासून ती बंद झालीही. खोक्यावर 'डिझाइन्ड फॉर एक्सबॉक्स' असं लिहिलेलं बघा. 'कम्पॅटिबल विथ' याला काही अर्थ नाही, ते कोणीही छापतं.

पीएस५ मध्ये गोम वेगळी. पीएस५ च्या गेमला ड्युअलसेन्स (पीएस५ सोबत येणारा कंट्रोलर) किंवा पीएस५ चा परवाना असलेलाच कंट्रोलर लागतो. सोनीचा स्वतःचा, पीएस४ चा ड्युअलशॉक ४ सुद्धा चालत नाही. तो पीएस५ वर फक्त पीएस४ चे गेम खेळवतो. फाइट स्टिक आणि स्टिअरिंग व्हीलना काही गेममध्ये सूट आहे, पण ती त्या गेमने दिली तरच. आणि परवाना असूनही बऱ्याच महागड्या तिसऱ्या कंपनीच्या पॅडमध्ये ड्युअलसेन्सचे ताण देणारे ट्रिगर आणि बारीक हॅप्टिक्स (हाताला जाणवणारी कंपनं) नसतात. शिक्का बघून 'सगळं असेल' असं धरू नका, खोक्याची मागची बाजू वाचा.

स्विच सगळ्यात ढिला. सहीची अट नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून बिनपरवान्याचे पॅड धडाक्यात चालतात. उलट परवान्याच्या स्वस्त वायर्ड पॅडमध्ये व्हायब्रेशन, मोशन किंवा अमीबोचं (निन्टेन्डोच्या खेळण्यातल्या बाहुल्यांचं) टेकवून वाचणारं एनएफसी यातलं काहीतरी गाळलेलं असतं. इथे शिक्क्याला पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही.

स्वतः स्टिक जोडणाऱ्यांसाठी: आरपी२०४० चिपच्या बोर्डवर जीपी२०४०-सीई हे फर्मवेअर (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकलं तर पास-थ्रूची सोय मिळते. कन्सोलचा प्रश्न बोर्ड पुढे खऱ्या परवानाधारक पॅडकडे ढकलतो, सही घेऊन येतो आणि परत देतो. म्हणजे खरा पॅड यूएसबीने मागे जोडलेला हवाच. बटणं तुमच्या स्टिकची, सही त्याची. हे व्यवस्थित चालतं, पण कन्सोलच्या पुढच्या अपडेटने मोडलं तर दाद मागायला जागा नाही.

रेझिस्टर_राजा

सखारामच्या यादीत विजेचा भाग जोडतो, कारण सर्वात जास्त नुकसान तिथे होतं.

स्विचच्या मूळ अडॅप्टरवर बघा: ५ व्होल्ट १.५ अॅम्पिअर आणि १५ व्होल्ट २.६ अॅम्पिअर. डॉकमधून (स्विच टीव्हीला जोडायच्या स्टँडमधून) टीव्हीवर चित्र यायला १५ व्होल्टच लागतात. फोनचा ९ व्होल्टचा 'फास्ट चार्जर' बॅटरी भरेल, टीव्ही काळाच राहील. लोक डॉक बदलतात, दोष चार्जरचा असतो. चार्जरच्या बारीक अक्षरांत '१५ व्होल्ट ३ अॅम्पिअर' अशी ओळ शोधायची. आणि यूएसबीची पॉवर डिलिव्हरी (चार्जर आणि मशीनने व्होल्टेज ठरवायचे नियम) नीट न पाळणाऱ्या डॉकपासून लांब राहायचं. २०१८ मध्ये फर्मवेअर ५.० आल्यावर बिनपरवान्याच्या काही डॉकमध्ये ठेवलेले स्विच कायमचे मेले होते.

स्वस्त रेट्रो हँडहेल्ड आणि क्लोन पॅडमध्ये दुसरी खोड असते. यूएसबी-सी पोर्ट आहे, पण सी-टू-सी केबलने चार्जच होत नाही. आत सीसी१ आणि सीसी२ या दोन पिनांपासून ग्राउंडपर्यंत प्रत्येकी ५.१ किलोओहमचा रेझिस्टर हवा; तो नसला की चार्जरला समोर कोणी आहे हेच कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. नगण्य किमतीचे दोन भाग वाचवलेले असतात. जुन्या ए-टू-सी केबलने चार्ज करा, काम होतं. कौशल्य असेल तर ते दोन रेझिस्टर टाका.

सोल्डर_सखाराम

ड्रिफ्टबद्दल (हात न लावता स्टिक आपोआप सरकल्यासारखी वागणं) कोणी विचारायच्या आत: शिक्का असो-नसो, कंट्रोलरवरची अंगठ्याने फिरवायची पोटेन्शिओमीटरची स्टिक झिजणारच. आतला कार्बनचा पट्टा घासला जातो. हॉल इफेक्ट किंवा टीएमआर स्टिक चुंबकावर चालतात, त्यात घासणारा पट्टाच नाही. गंमत अशी की बिनपरवान्याच्या स्वस्त पॅडमध्ये त्या सर्रास मिळतात आणि मूळ कंपनीच्या साध्या पॅडमध्ये नसतात.

ड्युअलसेन्समध्ये बदलायची तर एका स्टिकचे १४ सांधे सोडवावे लागतात: दोन सेन्सरचे सहा, दाबायच्या बटणाचे चार, चौकटीचे चार. चौकटीचे चार ग्राउंडला जोडलेले असल्याने उष्णता शोषतात आणि तिथेच लोक घाईने ओढून बोर्डावरचं तांबं उपटतात. आधी ताजं शिसं लावून सांधा मऊ करा, मग शोषून घ्या. नवी स्टिक बसवल्यावर कॅलिब्रेशन केल्याशिवाय मध्यबिंदू सरकलेला दिसतो. तो दोष स्टिकचा नाही.

काडतूस_फुंक्या

मूळ प्रश्नाला एक पुस्ती. लायसन्सने भाव उतरल्याचं स्वच्छ उदाहरण मशीनमध्ये नाही, पण स्टोरेजमध्ये आहे. एक्सबॉक्स सिरीजचं विस्तार कार्ड सुरुवातीला फक्त सीगेट बनवायची: १ टीबीला २२० डॉलर. २०२३ मध्ये दुसरा परवाना वेस्टर्न डिजिटलला मिळाला आणि १ टीबी १५० वर आला. एकाऐवजी दोन परवानाधारक, बस्स.

सोनीने पीएस५ मध्ये त्याहून सरळ रस्ता धरला. साधा एम.२ स्लॉट (पीसीसारखी एसएसडी बसवायची जागा) दिला, परवाना वगैरे काही नाही. अट एवढीच: पीसीआयई जेन४ ची एनव्हीएमई एसएसडी, २५० जीबी ते ८ टीबी, वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी असावा अशी शिफारस. घेताना वेगापेक्षा उंची आधी मोजा. हीटसिंक (उष्णता काढणारा धातूचा भाग) धरून ११.२५ मिलिमीटर, त्यातही कार्डाच्या खालचा भाग २.४५ पेक्षा जास्त नको. पीसीसाठीचे पंख्यासारखे जाड हीटसिंक इथे अडकतात आणि स्लॉटचं झाकण बसत नाही.