कयाकवर लीडर बारीकच बरा

रॉकफिश (खडकाळ तळाजवळ राहणारा समुद्री मासा) पकडण्याच्या या चर्चेत वर कुणीतरी सल्ला दिलाय, की जिग (शिशाचं जड नकली आमिष) कपारीत अडकून तुटू नये म्हणून ५० पौंडी, म्हणजे ५० पौंड ताण सोसणारा लीडर (मुख्य दोरीच्या टोकाला जोडायचा वेगळा तुकडा) बांधा. हा सल्ला मोठ्या बोटीवर ठीक आहे, कयाकवर (वल्ह्याच्या अरुंद होडीवर) मला तो धोक्याचा वाटतो. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या खडकाळ तळावर जिग कधीतरी अडकणारच. वारा कयाकला ढकलत असतो, दोरी ताणली की कयाक एका बाजूला कलते. म्हणून मी ४० पौंडी ब्रेडला (विणलेल्या मुख्य दोरीला) २५ पौंडी लीडर डबल युनी गाठीने (दोन दोऱ्या जोडायची गाठ) जोडतो. तुटलं तर लीडरच तुटावा. अडकल्यावर दोरी हाताला गुंडाळून ओढू नका. ती सैल सोडून वल्हवत पलीकडे जा आणि उलट्या दिशेने हलका झटका द्या. बरेचदा सुटते.

गळाबद्दल या चर्चेत कुणी बोललं नाही. जिगच्या खालचा तिहेरी गळ काढून टाका आणि वरच्या कडीत एकेरी असिस्ट गळ (छोट्या दोरीवर लोंबणारा एकच गळ) लावा. जिग तळाला टेकते तेव्हा खडकाला आधी शिसं लागतं, गळ वरच राहतो. शिवाय फडफडणारा रॉकफिश मांडीवर येतो तेव्हा तीन मोकळी टोकं पायाशी नकोतच. जिगच्या वर एखादी श्रिंप फ्लाय (गळावर बांधलेलं कोळंबीसारखं नकली आमिष) बांधायला हरकत नाही, पण कॅलिफोर्नियात रॉकफिशसाठी एक दोरी आणि जास्तीत जास्त दोन गळ, एवढीच परवानगी आहे.