बाबांना ६४व्या वर्षी केमो झेपेल का?

कोथरूडहून विचारतेय. बाबांचा सेमिनोमा (वृषणाचा कॅन्सर) पोटातल्या लिम्फ नोडपर्यंत गेलाय. डॉक्टर बीईपी म्हणतात, म्हणजे ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिस्प्लॅटिन या तीन औषधांची केमो. बाबांना जन्माची बिडी, क्रिएटिनिनही (किडनीची रक्ततपासणी) काठावर. काका म्हणतात, या वयात कशाला हाल?

> काकांना चहा पाजा, सल्ला घेऊ नका. हा आजार पसरल्यावरही बरा होतो, साठीनंतरसुद्धा. त्रास मात्र जास्त. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं पहिल्या सायकलपासूनच द्याल का, विचारा.

> बिडी म्हटल्यावर ब्लिओमायसिनची भीती, फुफ्फुसं धरतं. बीईपीच्या तीन सायकलऐवजी ईपीच्या (ब्लिओमायसिन वगळून) चार चालतील का, विचारा. सौम्य म्हणून सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन मागू नका, गुण कमी येतो. सासऱ्यांना सिस्प्लॅटिननं कानात शिट्टी वाजायची. टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत!

> किडनीसाठी सलाईन नीट चढू द्या. ताप आला की रात्रीही थेट दवाखाना, क्रोसिन देऊन सकाळची वाट नको.

ईपीचं उद्याच विचारते. काकांना कळवलंय, चिडलेत.