कपाटाच्या फळ्यांची भोकं: अख्खी रांग की मोजकी?

गुण्या
वॉर्डरोबच्या किंवा पुस्तकांच्या कपाटाच्या बाजूंना वरपासून खालपर्यंत दर ३२ मि.मी.वर, फळी टेकते त्या पिनांसाठी भोकांची रांग पाडायची पद्धत आता घरी बनणाऱ्या कपाटांतही शिरली आहे. जागेवर हातड्रिलने काम होणार असेल तर हा फुकटचा उद्योग आहे, असं माझं मत. सात फुटी बाजूत वर-खाली १००-१०० मि.मी. सोडले तरी एका रांगेत ६० भोकं बसतात. दोन रांगा, दोन बाजू, म्हणजे एका खोक्याला २४०. आणि फळ्या किती? चार. त्या हलल्याच तर एखाद्या भोकाने वर-खाली.

त्यापेक्षा प्रत्येक फळीला तीन जागा द्या: नेमकी एक, तिच्या वर एक, खाली एक. ४८ भोकांत काम संपतं. १२ मि.मी. प्लायची १०० मि.मी. रुंद पट्टी घ्या, पुढच्या कडेला अडेल असा ठोकळा तिला स्क्रूने बसवा आणि पट्टीवर 'खाली' व 'पुढे' असं मोठ्या अक्षरात लिहा. भोक पुढच्या कडेपासून ३७ मि.मी., व्यास ५, खोली १०. एका पातळीची चारही भोकं त्याच पट्टीतून पाडायची, पट्टी दर वेळी तळाला टेकवून. टेप फक्त पट्टी बनवताना लागतो, नंतर तो खिशातच राहू द्या.

सरळरेघ
पट्टीचं पटलं, निष्कर्ष नाही पटला. ३७ आणि ३२ हे आकडे पिनांसाठी जन्मलेच नाहीत. युद्धानंतर जर्मनीत एकाच वेळी अनेक भोकं पाडणारी यंत्रं आली. त्यांच्या गिअरमुळे दोन बिटं ३२ मि.मी.पेक्षा जवळ आणणं तेव्हा जमत नव्हतं, म्हणून ३२ ठरलं. पुढे बिजागऱ्यांच्या प्लेटा आणि बऱ्याच चॅनलांची (ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्यांची) भोकं त्याच मापावर आली. म्हणजे पुढची रांग एकदा नीट पाडली की बिजागरी, चॅनल आणि फळी तिन्हींचं मार्किंग झालं. उद्या खालचे दोन खण काढून ड्रॉवर टाकायचा झाला तर पुन्हा टेप, पेन्सिल, काटकोनाचा गुण्या काढायला नको. तुमची ४८ भोकं फक्त फळ्यांच्या कामाची.

प्लायवाला
हे मॉड्युलर कारखान्यात खरं. साइटवर बिजागरीच्या प्लेटेबरोबर ३.५ चा साधा चिपबोर्ड स्क्रू येतो. तो ५ च्या भोकात नुसता गरगर फिरतो, धरत नाही. त्या भोकांना ६.३ मि.मी.चा जाड यूरो स्क्रू लागतो आणि तो मिस्त्रीच्या डब्यात असतोच असं नाही. रांग पाडायची तर आधी स्क्रू आणा.

सरळरेघ
मान्य, यूरो स्क्रू वेगळा सांगून मागवावा लागतो. पण म्हणून रांगच नको, हे कसलं उत्तर?

अर्धं_सूत
दोघंही मूळ मुद्दा सोडून भांडताय. फळी डुगडुगते ती ३२ चं ३२.४ झालं म्हणून नाही. ती चार पिनांवर बसते आणि तीन पिना तिची पातळी ठरवून टाकतात. चौथी अर्धं सूत (दीडेक मि.मी.) वर-खाली झाली की एक कोपरा हवेत. म्हणजे अंतर किती आहे याला फारसं महत्त्व नाही, एकाच पातळीची चारही भोकं तळापासून सारखी हवीत. रांगेतली सगळी भोकं ३३ वर पाडा, फळी मुकाट बसेल. (बिजागरी बसणार नाही, ते वेगळं.)

बहुतेक ठिकाणी चूक होते ती टेपने एका भोकावरून पुढचं मोजल्यामुळे. दर वेळी पाव मि.मी. चुकलं तरी दहाव्या भोकापर्यंत अडीच मि.मी. होऊ शकतात, आणि समोरच्या बाजूला ती चूक दुसऱ्याच दिशेला गेलेली असते. टेपनेच करायचं असेल तर सगळी मापं एकाच शून्यापासून घ्या.

गुण्या
हेच तर म्हणतोय. बाजारात मिळणारं १२ भोकांचं जिग (भोकं पाडायचा तयार साचा) शेवटच्या भोकात पिन घालून ६० भोकांसाठी ५ वेळा सरकवावं लागतं. त्या पिनेत ०.२ मि.मी. ढिल असली तरी शेवटी १ मि.मी. होतो. माझी पट्टी एका रांगेला एकदाच टेकते.

सरळरेघ
सरकवताना जिग दर वेळी एकाच दिशेला, समजा वरच्या बाजूला, ओढून धरलं तर ती ढिल दोन्ही बाजूंना सारखीच जमा होते. अर्धं_सूत यांच्याच हिशोबाने मग बिघडलं काय? गडबड होते ती एक बाजू खालून वर आणि दुसरी वरून खाली पाडली तर. तेवढं टाळा.

आणि तुमच्या पट्टीचं दुखणं तुम्ही सांगितलंच नाही. डावी बाजू झाली की उजवीसाठी ती उलटी करावी लागते. पट्टीतलं भोक १ अंश जरी तिरकं असलं तरी १२ मि.मी. जाडीत ०.२ मि.मी. सरकतं आणि उलटी केल्यावर विरुद्ध दिशेला जातं. शिवाय प्लायमधलं भोक बिटाने झिजून लांबट होतं. आत ५ मि.मी.चं स्टीलचं बुश (छोटी नळी) ठोकल्याशिवाय त्या पट्टीवर दुसरं कपाट करू नये.

गुण्या
बुशचं बरोबर. पट्टीतली भोकं ड्रिल स्टँडवरच पाडायची, हेही जोडतो. हातड्रिलने पाडलेल्या टेम्प्लेटला टेम्प्लेट म्हणूच नये. रांगेचं मात्र अजून पटलेलं नाही. स्वयंपाकघरात त्या रिकाम्या भोकांत पीठ जाऊन बसतं, त्यामागे किडे. टोप्या मिळतात म्हणाल, पण २२४ टोप्या कोण लावणार?

किनारपट्टी
बिटाबद्दल कोणी बोललंच नाही, आणि निम्मी कामं तिथेच बिघडतात. लोखंडासाठीचा साधा बिट लायनरवर (कपाटाच्या आतून लावतात तो पातळ सनमायका) आधी घसरतो, मग टवका उडवतो. मधे टोक आणि कडेला दोन धारा असलेला लाकडासाठीचा बिट घ्या. सनमायकावर एचएसएसची (हाय स्पीड स्टीलच्या बिटाची) धार लवकर जाते. शेकड्याने भोकं असतील तर कार्बाइड घ्या. ड्रिल पूर्ण वेगात आल्यावरच बिट टेकवा आणि बाहेर काढतानाही फिरता ठेवा.

खोलीसाठी बिटाला चिकटपट्टी गुंडाळू नका, भुशाने ती वर सरकते. स्टॉप कॉलर (बिटावर कसायची, ठरल्या खोलीवर अडणारी कडी) लावा, आणि त्यात पट्टीची जाडी धरायला विसरू नका: १२ ची पट्टी अधिक १० चं भोक, म्हणजे २२ वर कॉलर. मधलं टोक दीड-दोन मि.मी. पुढे असतं, ते वेगळं.

क्रमही महत्त्वाचा. आधी लायनर, मग कडेची पट्टी, मग भोकं. ३७ मि.मी. मोजल्यावर २ मि.मी.ची एज बँड लावलीत की ते ३९ झाले. फळीला चालतात, बिजागरीला नाही. कोकणात आणखी एक बघा: साध्या एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) प्लायची कड पावसाळ्यात फुगते, भोक आवळतं, लोखंडी पिन गंजून आतच बसते. तिथे ७१० चं (आयएस ७१०, म्हणजे पाणी सोसणारं मरीन) प्लाय आणि पितळी किंवा चांगलं निकेल चढवलेली पिन घ्यावी.

प्लायवाला
मधल्या पार्टिशनचं काय? दोन्ही बाजूंना एकाच पातळीवर फळ्या असतात. १८ च्या प्लायवर दोन्हीकडे ०.८ चा लायनर, म्हणजे साडेएकोणीसच्या आसपास. १०-१० पाडलं तर आरपार.

अर्धं_सूत
मग सरळ आरपारच पाडा, फक्त एका बाजूने नाही. पट्टी दोन्ही बाजूंना तळालाच टेकवून दोन्हीकडून अर्धं-अर्धं, म्हणजे दोन्ही तोंडं स्वच्छ राहतात. ८ मि.मी. दांड्याच्या पिना समोरासमोर आल्या तरी १६ च होतात, मावतात. लांब दांड्याच्या घेतल्यात तर एक आत गेली की दुसरी बाहेर येईल.

सरळरेघ
पार्टिशनला तरी अख्खी रांग पाडा, गुण्या. दोन खणांत फळ्या वेगवेगळ्या उंचीवर लागणार, तिथे तुमच्या तीन-तीन जागा आपसात जुळणारच नाहीत.

गुण्या
पार्टिशनला पाडतो. पण गुडघ्याच्या उंचीपासून खांद्यापर्यंतच, म्हणजे साधारण २५ भोकं. त्याच्या वरची फळी पक्की स्क्रूने ठोकणार, कारण बॅगा तिथेच चढतात आणि बाजू बाहेर फाकू नये म्हणून एक तरी फळी न हलणारी लागते.