आस्वानचं मोठं धरण: फायद्याचा सौदा, पण कुणाच्या जिवावर?

उत्तरवाहिनी

इजिप्त म्हटलं की आपली गाडी पिरॅमिडवरून निघते आणि तुतनखामेनपाशी थांबते. म्हणून मुद्दाम अलीकडचा विषय काढतेय.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९५६ साली अमेरिका-ब्रिटनने नाईलवरच्या आस्वानच्या धरणाला पैसे द्यायचं नाकारलं, इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष नासेरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि पुढे सोव्हिएत मदतीवर १९६० ते १९७० या दहा वर्षांत धरण उभं राहिलं. मागे साचलेलं नासेर सरोवर जवळजवळ ५०० किलोमीटर लांब आहे, त्याची शेपटी सुदानात जाते. ज्या भूमीवर ते साचलं तिचं नाव नूबिया. स्वतःची भाषा, स्वतःची घरं, स्वतःचं संगीत असलेले लोक तिथे हजारो वर्षं राहत होते.

या लोकांचं पाण्याखाली जाणं १९६४ला सुरू झालं नाही. इंग्रजांनी आस्वानला १९०२मध्ये जुनं धरण बांधलं, १९१२ला त्याची उंची वाढवली, १९३३ला पुन्हा वाढवली. दर वेळी नूबियाची सुपीक पट्टी आणि खजुराची झाडं बुडाली, दर वेळी लोकांनी डोंगराकडे वर सरकून घरं बांधली. शेतीच उरली नाही तेव्हा पुरुष कैरोला स्वयंपाकी, दरवान, घरगडी म्हणून गेले. चौथ्या वेळी वर सरकायला डोंगरही उरला नाही. इजिप्तच्या हद्दीतल्या सुमारे ५० हजार लोकांना १९६३-६४मध्ये कोम ओम्बोजवळच्या वसाहतींत नेऊन टाकलं.

त्यांची जुनी घरं फोटोत बघा. ऐसपैस अंगण, चुन्याच्या भिंतीवर रंगवलेले मगर-पक्षी, आणि दाराच्या वर चिनी मातीच्या बशा गिलाव्यात बसवलेल्या. नव्या वसाहतीत एका रांगेत सारख्याच खोल्या, खोल्यांची संख्या कुटुंबाच्या आकारावरून सरकारने ठरवलेली, आणि नदी दिसतसुद्धा नाही इतकी लांब. सुरुवातीच्या महिन्यांत तिथे म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं पटापट गेली.

आणि दगडांचं काय झालं? युनेस्कोने जगभर हाक दिली. अबू सिंबेलचं डोंगरात कोरलेलं मंदिर कापून ६५ मीटर वर आणि सुमारे २०० मीटर मागे नेलं, चार कोटी डॉलरच्या घरात खर्च आला. फिलीचं मंदिर शेजारच्या बेटावर उचलून ठेवलं. काही छोटी मंदिरं मदतीची परतफेड म्हणून माद्रिद, न्यूयॉर्क, लायडन, तुरीनला भेट गेली. आपल्याकडूनही पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांची तुकडी नूबियात अफियेला उत्खननाला गेली होती. वर्षातून दोनदा अबू सिंबेलच्या गाभाऱ्यात सूर्यकिरण पोचतात, तो योगसुद्धा जेमतेम एका दिवसाच्या फरकाने सांभाळला गेला. मंदिराचा उंबरठा इतका जपून हलवता येतो, तर माणसाचा का नाही?

माझं मत सरळ आहे. धरणाने इजिप्तला तारलं असेल, पण ज्या लोकांना एका शब्दाने विचारलं नाही त्यांच्या खात्यावर हे बिल चार वेळा फाडलं गेलं. याला राष्ट्राचा विजय म्हणून मिरवणं मला पटत नाही.

पाटकरी

लेख चांगला, निष्कर्षाशी असहमत. पाटबंधाऱ्यात आयुष्य गेलंय, त्यामुळे आकड्यांत बोलतो.

आस्वानच्या जलाशयाची क्षमता साधारण १६२ अब्ज घनमीटर. आपल्या भाषेत ५,७०० टीएमसी (अब्ज घनफूट). कोयना १०५ टीएमसी, म्हणजे चोपन्न कोयना एकामागे एक. इतकं मोठं का बांधलं? कारण नाईलचा एका वर्षाचा भरवसा नाही. पुढची कित्येक वर्षं पुरेल इतकं पाणी साठवणं हाच मूळ हेतू होता.

तो हेतू कामाला आला १९८४ ते १९८८ या काळात. इथिओपियाच्या डोंगरात पाऊस नव्हता, तिथे दुष्काळाने लाखो माणसं मेली. नासेर सरोवराची पातळी घसरत घसरत १९८८च्या जुलैत समुद्रसपाटीपासून १५० मीटरच्या आसपास आली. आणखी तीन-चार मीटर उतरली असती तर टर्बाइन थांबवावे लागले असते. ऑगस्टमध्ये पूर आला आणि सुटका झाली. पण त्या चार वर्षांत इजिप्तमध्ये कुणी पाण्यावाचून मेलं नाही. त्याच नाईलच्या पाण्याने १२००-१२०२मध्ये दगा दिला तेव्हा कैरोत काय झालं ते अब्दुल लतीफ अल-बगदादी या हकिमाने लिहून ठेवलंय. माणसांनी माणसं खाल्ली. जेवायच्या आधी वाचू नका.

बारा टर्बाइन, २,१०० मेगावॅट. सत्तरच्या दशकात देशाची निम्म्याच्या आसपास वीज इथून येत होती, खेड्यांत दिवे लागले ते यामुळे. १९६०मध्ये लोकसंख्या अडीच कोटींच्या वर, आज दहा कोटींच्या पुढे. अडीच कोटींसाठी ५० हजार हलले, हे वाक्य कानाला कठोर आहे, मला कळतं. पण जो माणूस निर्णयाच्या खुर्चीवर बसतो त्याला ते म्हणावंच लागतं.

खारवलेली

पाटकरी काका, वीज आणि दुष्काळ मान्य. गाळाचं काय?

नाईल दर वर्षी साधारण १२ कोटी टन गाळ आणायची. त्यातला जवळपास सगळा आता सरोवराच्या तळाशी बसतो. खाली येतं ते स्वच्छ, उपाशी पाणी. नाईलच्या मुखाशी, रशीदजवळचा किनारा कित्येक किलोमीटर खाऊन झालाय. शेतात गाळ नाही म्हणून खत, आणि खत बनवायला वीज. आस्वानचा कीमा खत कारखाना नदीच्या विजेवरच उभा राहिला! फुकट मिळायचं ते आता कारखान्यात बनवायचं, आणि वर त्याला प्रगती म्हणायचं. वीटभट्टीवाल्यांनाही ताजा गाळ मिळेना, त्यांनी शेतांची वरची माती खरवडून विटा पाडल्या. शेवटी ८०च्या दशकात सरकारला त्यावर बंदी घालावी लागली.

आता माझ्या घरचा विषय, मासे. पुराचं गढूळ पाणी भूमध्य समुद्रात गेलं की तिथे तारली मासळीचे थवे जमायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला १८ हजार टन तारली मिळायची, दशक संपता संपता ती काहीशे टनांवर आली. त्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना तरी कुणी विचारलं होतं का?

पाटकरी

१२ कोटी टनांतला बहुतांश गाळ शेतात नाही, समुद्रात जात होता. शेतावर बसायचा तो थोडासा हिस्सा, आणि त्यात नत्र फार नव्हतंच.

दुसरं, आस्वानच्या आधी सगळा इजिप्त पुराच्या पाण्यावर पिकत होता हा समजच बरोबर नाही. इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता मुहम्मद अली याला एकोणिसाव्या शतकात लांब धाग्याचा कापूस हवा होता. कापसाला उन्हाळ्यात पाणी लागतं, पूर येतो उन्हाळा सरताना. म्हणून त्याने खोल कालवे खणले, कैरोच्या खाली बंधारा बांधायला घेतला. त्रिभुज प्रदेशात बारमाही सिंचन तेव्हाच आलं. खताची गरजही तेव्हापासून, कालव्यातल्या गोगलगायींमुळे होणारा बिल्हार्झिया रोगही तेव्हापासून वाढला. १९६०ला पुराच्या वाफ्यांची पद्धत उरली होती ती वरच्या (म्हणजे दक्षिणेकडच्या) इजिप्तमधल्या सुमारे दहा लाख फेद्दानांत. (फेद्दान म्हणजे एकरापेक्षा किंचित मोठा.) कैरोतला खलीज कालवा, जिथे पूर आला की बांध फोडायचा शाही सोहळा व्हायचा, तो इंग्रजांच्या काळातच बुजवून वर ट्राम धावली. हा दोष आस्वानच्या माथी कसा मारता?

आणि तारली नव्वदच्या दशकात बऱ्यापैकी परत आली.

खारवलेली

परत आली ती कशावर, तेही सांगा की! कैरो-अलेक्झांड्रियाच्या सांडपाण्यावर आणि शेतांतून वाहून आलेल्या खतावर. नदीचं काम गटाराने केलं.

"समुद्रात गेलं म्हणजे वाया गेलं" हे पाटबंधारे खात्याचं लाडकं वाक्य आहे, कोकणात आम्ही ते रोज ऐकतो. समुद्रात जाणाऱ्या गाळानेच तो त्रिभुज प्रदेश तयार झाला ना? ज्यावर आज निम्मा इजिप्त पिकतो?

चिंचगूळ

अवांतर: नाईलचं ८५ टक्के पाणी इथिओपियातून येतं. १९५९च्या करारात इजिप्तने ५५.५ आणि सुदानने १८.५ अब्ज घनमीटर वाटून घेतलं, इथिओपियाला बैठकीचं आमंत्रणही नव्हतं. सप्टेंबर २०२५मध्ये इथिओपियाने स्वतःचं मोठं धरण सुरू केल्यावर कैरोत जी आगपाखड झाली ती वाचून मला तरी हसू आलं. न विचारता धरण बांधतात म्हणे!

शिवाय आस्वानच्या वाळवंटी उन्हात वर्षाला दहा अब्ज घनमीटर पाणी वाफ होऊन उडतं. पाटकरींच्या मापाने तीन कोयना. इथिओपियाच्या थंड डोंगरात तेच पाणी साठवलं असतं तर बरंच वाचलं असतं.

पाटकरी

वाचलं असतं, आणि तोटी दुसऱ्याच्या हातात राहिली असती. अशी व्यवस्था कोणता देश मान्य करेल? कृष्णेच्या पाण्यावर आपली राज्यं लवादात भांडतात, इथे तर स्वतंत्र राष्ट्रं आहेत. बाष्पीभवनाचा मुद्दा मात्र बिनतोड.

कोयनाकाठचा

माझं नाव बघून अंदाज आला असेल. आमचं गाव शिवसागराच्या तळाशी आहे. नूबिया रिकामा होत होता त्याच सुमारास आमची माणसं ट्रकमध्ये बसत होती. कुणी ठाण्याला, कुणी रायगडला, कुणी सोलापूरला. भाऊ एका जिल्ह्यात, बहीण दुसऱ्यात. जमिनीच्या कागदासाठी आजोबांनी हेलपाटे घातले, मग वडिलांनी. फाइल अजून जिवंत आहे, ते दोघं नाहीत.

त्यामुळे पाटकरी "अडीच कोटींसाठी ५० हजार" म्हणतात तेव्हा मला गणितात खोट दिसत नाही. खोट पुढच्या ओळीत आहे. अडीच कोटींचा इतका फायदा झाला, तर त्यातून ५० हजारांना नीट बसवायला कितीसं लागलं असतं? पहिली दहा वर्षं नुसतं वीजबिल वळवलं असतं तरी भागलं असतं. पैसा नव्हता हे कारणच नाही. हलवून झालं की त्या माणसांचं उपद्रवमूल्य संपतं, बाकी काही नाही.

एक फरक सांगतो. आमचं गाव बुडालं तरी आमची भाषा शेजारच्या गावात बोलली जाते. नूबियनांच्या मुलांना शाळेत अरबी, बाजारात अरबी, टीव्हीवर अरबी. नदीकाठची गावं होती तोवर भाषेला स्वतःचं अंगण होतं. हे नुकसान कोणत्या टीएमसीत मोजायचं?

चिंचगूळ

+१. उपद्रवमूल्याचं वाक्य जपून ठेवतोय.

पाटकरी

कोयनाकाठचा यांच्याशी या मुद्द्यावर मला भांडायचंच नाही, पुनर्वसनात आपण सगळ्यांनीच माती खाल्ली आहे. पण मूळ धागा "राष्ट्राचा विजय म्हणू नका" असा आहे. माझं म्हणणं, म्हणायलाच हवं. वसाहतवाद्यांनी पैसे नाकारलेला एक गरीब देश दहा वर्षांत १११ मीटर उंचीचं, पावणेचार किलोमीटर लांबीचं धरण बांधतो, आणि पन्नास वर्षं ते दुरुस्त ठेवतो. पुनर्वसन वाईट झालं म्हणून ते कर्तृत्व खोटं ठरत नाही.

उत्तरवाहिनी

कर्तृत्व खोटं आहे असं मी कुठे म्हटलंय? त्या गौरवाच्या फलकावर नूबियनांचं नाव, देश ज्यांचं देणं लागतो त्यांच्या यादीत का नाही, एवढंच विचारतेय.

आणि हा जुना हिशेबही नाही. २०११च्या क्रांतीनंतरच्या, २०१४च्या राज्यघटनेत कलम २३६ घातलं गेलं: दहा वर्षांच्या आत नूबियनांना त्यांच्या मूळ प्रदेशात परत वसवण्याच्या योजना राज्य आखेल आणि राबवेल. लोक आनंदाने नाचले. त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने सीमेलगतची जमीन लष्करी क्षेत्र ठरली, आणि त्यात जुन्या नूबियन गावांच्या जागा आल्या. २०१७च्या सप्टेंबरात आस्वानमध्ये लोक डफ वाजवत, नूबियन गाणी म्हणत रस्त्यावर उतरले तर त्यांना अटक झाली. डफ वाजवल्याबद्दल! दहा वर्षांची मुदत २०२४ला उलटून गेली.

सरोवराच्या काठावर लोकांनी परत जायला आज कोणतीही तांत्रिक अडचण नाही. पाणी स्थिर आहे, जमीन मोकळी आहे.

पाटकरी

घटनेत लिहिलंय तर अंमल व्हायलाच हवा. पण तांत्रिक अडचण नाही हे मात्र घाईचं विधान आहे. तो देशाचा एकुलता एक मोठा साठा. पातळी काही मीटरने वर-खाली होते, सपाट काठावर पाणी कित्येक किलोमीटर मागे-पुढे सरकतं. तिथे गावं बसवली की सांडपाणी थेट कैरोच्या पिण्याच्या पाण्यात. त्याचं नियोजन आधी दाखवा.

कोयनाकाठचा

त्याच सरोवरावर तोश्काचं अवाढव्य पंपगृह बसलं, वाळवंटात शेती काढायला. अबू सिंबेलला पाण्याला लागून हॉटेलं उभी आहेत, पर्यटकांचं सांडपाणी तिथे कुठेतरी जातच असेल. तेव्हा नियोजन सापडलं होतं ना?