क्वेकर पोपट घ्यावा का? कोल्हापुरातल्या पाळणाऱ्यांचा सल्ला हवाय

राजारामपुरीकरीण
नमस्कार. आमचा राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. आम्ही दोघं नऊला बाहेर पडतो ते सहाला येतो, सासूबाई दिवसभर घरी असतात. लेक सातवीत. मैत्रिणीच्या घरी निळा क्वेकर पाहिल्यापासून तिने तोच ध्यास घेतलाय. पूर्वी बजी, म्हणजे ते छोटे रंगीत पोपट, होते, तेवढाच अनुभव. एक दुकानदार महिन्याभराचं पिल्लू देतोय. हाताने भरवलंत तर जास्त लळा लागेल, म्हणतो. स्वभावाने कसा असतो हा पक्षी? सासूबाईंना झेपेल का?

रंकाळ्याची_सांज
ताई, आमच्याकडं सहा वर्षं झाली क्वेकर आहे, हिरवा. आधी पिल्लाचं सांगतो, कारण ते तातडीचं आहे. भरवणीचं पिल्लू अजिबात घेऊ नका. फॉर्म्युला, म्हणजे पिल्लाला भरवायचं पातळ खाद्य, जरा जास्त गरम झाला की पोटाआधीची अन्नाची पिशवी आतून भाजते, घाईत भरवला तर श्वासनलिकेत जातो. आमचं पहिलं पिल्लू असंच चार दिवसांत गेलं. घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नव्हतं. लळा भरवण्यानं नाही, रोजच्या सहवासानं लागतो. आपलं आपण खाणारं पिल्लूच घ्या, आणि ते खाताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता स्वभाव. मूळचा हा दक्षिण अमेरिकेतला, अर्जेंटिना-उरुग्वेकडचा. बाकीचे बहुतेक पोपट ढोलीत अंडी घालतात. हा मात्र काड्यांचं घरटं बांधतो, तेही चाळीसारखं, शेजारी शेजारी अनेक जोड्यांचं. ही खोड रक्तातच आहे. आमचा खराट्याच्या काड्या पळवतो आणि पिंजऱ्याच्या गजात तासन्‌तास विणत बसतो. एक काडी चार वेळा काढून पाचव्यांदा मनासारखी बसवतो. ते बघत बसण्यासारखं सुख नाही.

त्याचीच दुसरी बाजू म्हणजे पिंजरा हे त्याचं घर. खांद्यावर बसून गाल चाटणारा हाच पक्षी पिंजऱ्यात हात घातला की रक्त काढतो. वाईट स्वभावाचा म्हणून लोक परत देऊन टाकतात, जीव तुटतो ऐकून. अहो, आपल्या स्वयंपाकघरात न विचारता कुणी शिरलं तर आपल्याला तरी चालेल का? त्याला आधी बाहेर बोलवा, मग वाटी बदला. सासूबाईंना एवढं एक जमलं तर सगळं जमलं.

बोलतो भरपूर. आमचा दारावरची बेल वाजली की “कोण आहे?” विचारतो. पण शब्द येईलच अशी खात्री कुणी देऊ नये. आणि पिल्लू थरथरलं, मान हलवायला लागलं तर घाबरू नका. क्वेकर हे नाव त्या थरथरण्यावरूनच पडलंय असं म्हणतात.

शाहूपुरी_४१६००१
कागदपत्रांचं कुणी बोललं नाही म्हणून. क्वेकर साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये येतो. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांमुळे आता केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडून पावती आणि त्याची कागदपत्रं घ्या. आणि ‘त्यापेक्षा आपला देशी पोपट बरा’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. आपला कंठवाला पोपट पाळणं हा गुन्हा आहे.

मंगळवार_पेठ
मी थोडं वेगळं सांगते. आवाजाचा विचार करा. पक्षी जेमतेम शंभर ग्रॅमचा, पण किंचाळला तर खालच्या मजल्यावर ऐकू जातं. आमच्या भाच्याचा क्वेकर दिवसभर एकटाच असायचा. कंटाळून छातीची पिसं उपटायला लागला. डॉक्टरांनी तपासून आजार नाही म्हणून सांगितलं. पिंजरा बैठकीच्या खोलीत आणला, चघळायला पेरूच्या फांद्या दिल्या, तेव्हा हळूहळू भरली पिसं. तुमच्याकडे सासूबाई आहेत, पण त्यांना पक्ष्याची आवड आहे का, हे त्यांनाच विचारलंत का?

विसर्जन मिरवणुकीच्या आणि दिवाळीच्या रात्री मात्र खिडक्या बंद करून कुणीतरी त्याच्याजवळ बसायलाच हवं. आमच्या पेठेत तर पिंजरा आम्ही दोन दिवस गावी नेतो.

रंकाळ्याची_सांज
मंगळवार पेठ, अगदी खरं. खाण्याचं राहिलंच. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवू नका, या जातीला यकृतात चरबी साठायचा त्रास लवकर होतो. मोड आलेले मूग, मक्याचं कणीस, शेवग्याचा पाला, गाजर, सोबत पेलेट्स, म्हणजे पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या. फरसाण, चहा, चॉकलेट, ॲव्होकॅडो नाही. नॉनस्टिक तवा तापून धूर झाला तर त्यानं पक्षी काही मिनिटांत मरतो, म्हणून आम्ही भाकरीला लोखंडी तवाच ठेवलाय. बाहेर सोडताना छताचा पंखा बंद. नीट सांभाळला तर वीस वर्षं, क्वचित त्याहून जास्त जगतो. तुमची लेक तेव्हा तिशीत असेल, ताई.

राजारामपुरीकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना काल विचारलं. मी गृहीतच धरलं होतं त्यांना, याचं वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, “माझ्याशी दुपारी बोलणारं कुणी असेल तर हवंच आहे, पण सकाळी सातला पाणी बदलायचं काम पोरीचं.” लेकीने कबूल केलंय. दुकानदाराला ते पिल्लू नको म्हणून कळवलं. पावसाळा संपल्यावर खातं-पितं पिल्लू आणि कागद बघूनच घेऊ. एक विचारायचं राहिलं, खराट्याच्या काड्या तशाच द्यायच्या का?

रंकाळ्याची_सांज
नवा खराटा आणा, वापरलेला नको. फिनाइल लागलेलं असतं. काड्या धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा, विताएवढ्या तोडा आणि पिंजऱ्याच्या बाहेर ठेवा. कुठली घ्यायची ते तो ठरवेल.