काळा पाषाण पाणी अडवतो का? पीथमपूरची राख आणि माळव्याची जमीन

रामबागकर
युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये भोपाळहून पीथमपूरला आला आणि जूनअखेर जाळून झाला. पण जाळला म्हणजे संपला असं नाही. चुना वगैरे मिसळल्याने राखेचं वजन मूळ कचऱ्याहूनही जास्त भरलं, आणि ती कुठेतरी पुरावी लागणारच. त्यावर इंदुरात हमखास ऐकू येतं : "वर काळी माती, खाली काळा पाषाण, पाणी झिरपणार कुठून?"

माझ्या मते अशा खड्ड्यासाठी याहून फसवी जमीन नाही. हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, एकसंध कातळ नव्हे, लाव्ह्याचे एकावर एक चढलेले थर. प्रत्येक थराचं पोट घट्ट, माथा मात्र मांजऱ्या, भोकाभोकांचा आणि झिजलेला. घट्ट पोटातही लाव्हा निवताना पडलेल्या उभ्या फटी असतात. ०.१ मिमीची मोकळी फट आणि शंभराला एक उतार धरला, तर पाणी दिवसाला सुमारे ७ मीटर जातं. फट दुप्पट रुंद झाली की वाहणारं पाणी आठपट. आपल्या विहिरींना झरे लागतात ते याच फटींतून.

लायनरवाला
दगड पाणी अडवील असं धरून कोणीही खड्डा बांधत नाही. अडवायचं काम लायनरचं, म्हणजे खड्ड्याच्या अस्तराचं. १.५ मिमी जाडीची एचडीपीई प्लॅस्टिकची शीट, तिच्याखाली दाबून बसवलेली चिकणमाती, आणि अशा दोन जोड्यांच्या मध्ये गळती पकडणारा निचरा थर. मातीतून पाणी मुरण्याचा वेग सेकंदाला १ सेंटिमीटरच्या कोटीव्या हिश्शापेक्षा जास्त चालत नाही. दीड मीटर थरावर ३० सेंमी पाणी साचलं आणि शीट पूर्ण फाटली असं धरलं, तरी पाणी खाली उतरायला सोळाएक वर्षं लागतात. शिवाय राख सिमेंट घालून घट्ट केलेली असते, पातळ रसायन नसतं. बेसॉल्ट नको म्हणाल तर बहुतेक महाराष्ट्र आणि जवळजवळ अख्खा माळवा बाद. मग नेणार कुठे?

रामबागकर
सोळा वर्षं! पारा नि शिसं सोळा वर्षांनी निवृत्त होतात का?

आणि तो वेग प्रयोगशाळेत नळाच्या पाण्यावर मोजलेला असतो. भट्टीच्या धुरातला आम्ल वायू चुन्यात शोषला की कॅल्शियम क्लोराइड तयार होतं. तसलं खारट पाणी काळ्या मातीला भिडलं की तिचे फुगलेले कण आक्रसतात आणि माती जास्त पाणी सोडू लागते. चाचणी त्याच राखेच्या पाझरावर करा, मग आकडा दाखवा. आणि दाबलेली माती मे महिन्यात दोन आठवडे उघडी राहिली तर काय होतं, हे माळव्यात कोणाला सांगायला नको. ती पुन्हा भिजली तरी भेगा पहिल्यासारख्या मिटत नाहीत.

मुरूमखोद
दोघेही जागा न तपासता भांडताय. खरा घोळ तपासणीत होतो.

आपल्याकडे सरळ उभे बोअर घेतात. फटीही उभ्याच. मग दोन फटींच्या मधून बोअर उतरतो, खडकाचा गाभा (नमुना) अखंड निघतो आणि अहवालात 'घट्ट खडक' लिहिलं जातं. निदान काही बोअर तिरके घ्यायलाच हवेत. पुढे पॅकर चाचणी, म्हणजे बोअरचा एक तुकडा दोन्हीकडून बंद करून त्यात दाबाने पाणी सोडायचं. पाच टप्पे, दाब चढवत न्यायचा आणि पुन्हा उतरवायचा. उतरताना पाणी चढतानापेक्षा जास्त जात असेल तर फटीतली माती धुऊन निघाली असं समजा. या चाचणीत खडक किती पाणी पितो ते ल्यूजन या एककात मोजतात. धरणवाले १ ल्यूजनचा खडक घट्ट म्हणतात, पण तोही लायनरच्या मातीपेक्षा शंभरपटीहून जास्त पाणी सोडतो. म्हणजे धरणाचा निकष इथे लावताच येत नाही.

जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजतात, त्या नुसत्या विद्युत रोधकतेवर तर अजिबात विसंबू नका. दोन थरांमधला तांबडा गेरू आणि पाणी भरलेला मुरूम, दोन्ही कमीच रोध दाखवतात, वेगळे ओळखू येत नाहीत.

पाण्याची पातळी किमान एक पूर्ण वर्ष मोजा. मे आणि सप्टेंबरमध्ये इथे कित्येक मीटरचा फरक पडतो. फक्त उन्हाळ्यात मोजणारा खड्ड्याचा तळ खुशाल पावसाळी पाण्यात बुडवतो. आणि प्रत्येक थराला वेगळा पायझोमीटर (पाण्याची पातळी मोजायची नळी), मध्ये बेंटोनाइटचं, म्हणजे फुगणाऱ्या चिकणमातीचं, बूच. बूच नसेल तर तुमचा तपासणीचा बोअरच वरची घाण खाली नेणारा नळ होतो. आवारातले जुने सुकलेले बोअर तर आधी शोधा, नळी तळापर्यंत सोडून खालून वर सिमेंटने भरा.

लायनरवाला
तिरक्या बोअरचं मान्य, ते टाळणं ही काटकसर नव्हे, कंजूषपणा आहे. पण तांबड्या गेरूचा फायदाही धरा. तो चिकणा असतो, वरचं पाणी अडवतो.

मुरूमखोद
सलग असला तर. एका बोअरला मीटरभर आणि पन्नास मीटरवर गायब, हे त्याचं नेहमीचं. शिवाय उघडा पडला की वाळून भुगा होतो.

गंभीरकाठ
इथे सगळ्यांना यशवंत सागरची, म्हणजे इंदूरला पाणी देणाऱ्या गंभीर नदीवरच्या तलावाची काळजी. माझ्या मते तिथवर जायच्या आधीच शेजारच्या वस्तीचे बोअर बिघडतील. विहिरींपासून ५०० मीटर अंतर ठेवलं की झालं, असं नकाशावर वर्तुळ काढणारे समजतात. फटीतलं पाणी वर्तुळ मानत नाही, ते फटीच्या दिशेनेच जातं.

लायनरवाला
म्हणूनच उताराच्या खालच्या अंगाला निरीक्षण विहिरी असतात.

गंभीरकाठ
कुठल्या महिन्यातला उतार? रब्बीत चहूकडचे पंप सुरू झाले की भूजलाचा उतार उपशाकडे वळतो. पावसाळ्यात जी विहीर खालच्या अंगाला, ती फेब्रुवारीत वरच्या अंगाला असू शकते. तिचं पाणी मग वर्षानुवर्षं स्वच्छच येणार. आधी पंप चालू असतानाचा नकाशा काढा, विहिरींच्या जागा मग ठरवा.